‘आशिया’ फिरतो की फिरते?

परभणीच्या एका शिक्षिकेनं विचारलंय. शाळेच्या भित्तिपत्रकात एका मुलीनं ‘आशिया’ नावाच्या लघुग्रहाबद्दल लिहिलं, ‘आशिया मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातून सूर्याभोवती फिरते. तिचं परिवलन पावणेचार वर्षांत पूर्ण होतं.’ सहकारी शिक्षकांनी ‘फिरते’ खोडून ‘फिरतो’ केलं. मुलगी ऐकेना: नाव देवतेचं आहे, शिवाय पृथ्वीसुद्धा ग्रहच, ती फिरतेच ना?

माझं मत ‘फिरतो’. पण मुलीनं मुद्दा खरा काढलाय, तो नुसता खोडून चालणार नाही.

हा लघुग्रह नॉर्मन पॉगसन यांना १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासच्या वेधशाळेत सापडला. आशिया खंडातून शोधलेला हा पहिलाच, म्हणून हे नाव. आणि ग्रीक पुराणात आशिया नावाची सागरकन्या आहे, त्यामुळे त्या काळच्या रिवाजातही ते बसलं. सुरुवातीची कित्येक वर्षं लघुग्रहांना बायकांचीच नावं देत. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या गौरवासाठी १८५८ सालच्या एका लघुग्रहाला नाव दिलं तेही ‘अलेक्झांड्रा’ असं करून! तेव्हा नाव स्त्रीचं, हे मुलीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

मराठीत मात्र अशा नव्या नावाचं लिंग बहुधा त्यामागच्या न बोललेल्या नामावरून ठरतं. आपल्याकडे पावसाळ्यात विचारतात, ‘जायकवाडी भरलं का?’ कारण मनात ‘धरण’ असतं. त्याच पाण्याला नाथसागर म्हटलं की ‘नाथसागर भरला’. मांजरा नदी म्हणून ‘वाहते’, धरण म्हणून ‘भरलं’. पाणी तेच, नावही तेच, क्रियापद तेवढं बदलतं. थेम्स कधी न पाहिलेला माणूसही ‘थेम्स वाहते’ असंच म्हणेल, कारण मनात ‘नदी’ आहे. तसा ‘आशिया’च्या मागे ‘लघुग्रह’ उभा आहे, म्हणून फिरतो.

मग पृथ्वीचं काय? ती भाषेत ‘ग्रह’ म्हणून आलीच नाही. आधी ती भूमी, धरणीमाय. ग्रहांच्या यादीत फार पुढे बसली, तोवर तिचं लिंग पक्कं झालं होतं. नक्षत्रांचंही तेच. ‘नक्षत्र’ नपुंसकलिंगी, पण शेतकरी ‘मृग लागला’ आणि ‘रोहिणी बरसली’ असंच बोलतो. पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळलेलं नाव स्वतःचं लिंग राखून असतं. दुर्बिणीतून सापडलेल्या ‘आशिया’ला मराठीत तेवढं वय नाही.

यातली खरी गंमत आदरार्थी बहुवचनात आहे. १७ फेब्रुवारी १९८८ रोजी तमिळनाडूतल्या कवलूरच्या वेधशाळेत आर. राजमोहन यांना एक लघुग्रह सापडला. आधी त्याला तात्पुरती खूण मिळाली, ‘१९८८ डीक्यू१’. यातला ‘डी’ म्हणजे वर्षाचा चौथा पंधरवडा, फेब्रुवारीचा उत्तरार्ध. कक्षा नीट ठरल्यावरच लघुग्रहाला कायमचा क्रमांक मिळतो, याला ४१३० मिळाला, आणि नाव पडलं ‘रामानुजन’. आता गणिती रामानुजन ‘होते’, पण लघुग्रह रामानुजन सूर्याभोवती ‘फिरतो’. इथे ‘फिरतात’ लिहिणारे भेटतात. भावना चांगली, पण वाचणाऱ्याला वाटतं लघुग्रह अनेक आहेत. आदर त्या माणसाचा, दगडाला एकवचनच द्यावं.

मुलीच्या वाक्यात ‘फिरते’ खोडणाऱ्यांच्या नजरेतून मात्र मोठी चूक सुटली: ‘परिवलन’. सूर्यापासून आशियाचं सरासरी अंतर पृथ्वीच्या सुमारे २.४ पट, त्यामुळे एका फेरीला ३.७७ वर्षं लागतात. हे झालं परिभ्रमण. परिवलन म्हणजे स्वतःभोवतीची गिरकी, आणि ती आशिया सुमारे १६ तासांत घेतो.