गुहेत फ्लॅश उडवायचाय? मग आधी एवढं कर

अरे, पहिल्याच दिवशी महागडा रेडिओ ट्रिगर (दूरचा फ्लॅश बिनतारी उडवणारं यंत्र) घेऊ नकोस. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी मैदानात छान पोचतात, पण गुहेत खडकाचं एक वळण मध्ये आलं की अडतात.

सुरुवात अशी कर. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर बल्बवर (बटण दाबून ठेवशील तोवर ते उघडं राहतं), सगळे टॉर्च बंद. शटर उघडं असताना मित्राने फ्लॅशचं टेस्ट बटण दाबायचं आणि लगेच तू शटर मिटायचं. ट्रिगर लागतच नाही!

मग ऑप्टिकल स्लेव्ह, म्हणजे एका फ्लॅशचा उजेड दिसताच दुसरा फ्लॅश उडवणारं यंत्र. भिंतीवरून परतलेला उजेडही त्याला बहुधा पुरतो. नवखे हमखास फसतात ते टीटीएलमुळे, म्हणजे कॅमेराच फ्लॅशचा जोर ठरवतो त्या पद्धतीमुळे: त्यात मोजणीसाठी आधी उडणारा प्रीफ्लॅश दिसताच स्लेव्ह आधीच उडतो आणि फोटो काळा. मीही एक अख्खी दुपार उगाच सेल बदलत बसलो होतो. सगळे फ्लॅश मॅन्युअलवर ठेव.

आणखी दोन गोष्टी:
- फोटो घेताना श्वास रोख. श्वासाची वाफ लेन्सजवळच्या फ्लॅशमध्ये पांढरं धुकं होऊन उमटते.
- वटवाघळं दिसली तर फ्लॅश नको, मागे फिर.

सराव इथे इंदूरलाच, बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये रात्री कर. बाघच्या लेण्यांत मुळीच नको, तिथली उरलीसुरली भित्तिचित्रं फार नाजूक आहेत. पहिले फोटो आले की दाखव, पुढचं तेव्हा बोलू.