कॅम्पिंगसाठी लाकूड तोडायला मोठा, दणकट सुरा कोणता घ्यावा?

तुम्ही विचारलंय की ६ मिलिमीटर जाड, डी-२ पोलादाचा, पाठीवर करवतीचे दाते असलेला सुरा घ्यावा, की त्यापेक्षा कुकरी किंवा मशेटी (लांब, पातळ पात्याचा कोयता) बरी. काम म्हणजे शेकोटीपुरतं वाळकं लाकूड तोडायचं-फोडायचं, तंबूपुरती जागा साफ करायची, आणि सगळं सामान पाठीवर वाहायचं. माझं मत विचाराल तर तो सुरा घेऊ नका. तो मोडू नये याची बनवणाऱ्याने भरपूर काळजी घेतलीय. तो लाकडात शिरावा याची घेतलेली दिसत नाही.

जाहिरातीत पाठीची जाडी ठळक छापतात, कारण ती मोजायला सोपी आणि ऐकायला दमदार. पण लाकडाशी गाठ पडते ती आधी धारेची आणि धारेमागच्या काही मिलिमीटरच्या पट्ट्याची. पाठ तिथवर पोचते शेवटी, पोचलीच तर. धार जिथे संपते आणि पात्याचा उतार सुरू होतो, त्या खांद्यापाशी पातं जाड असेल, तर घावाचा जोर लाकूड दाबण्यातच जातो. दणका मोठा बसतो, मनगटाला झिणझिण्या येतात आणि खाच पडते उथळ. तोडकामाच्या सुऱ्याला या खांद्यापाशी १ मिलिमीटरच्या आसपास जाडी पुरते, आणि धारेचा कोन दोन्ही बाजू मिळून ४० ते ५० अंश. यापेक्षा फार नाजूक केलं की वाळलेल्या गाठीवर धार वळते किंवा तिचे टवके उडतात.

म्हणून फोटोत पात्याचा उतार कुठून सुरू होतो ते पाहा. तुम्ही निवडलेल्या सुऱ्यात तो खालच्या एक तृतीयांश भागातच आहे, म्हणजे धारेच्या लगेच वर ६ मिलिमीटरची भिंत. त्यापेक्षा पाठीपासून धारेपर्यंत सलग उतरत गेलेलं पातं घ्या. दोन्ही गाल, म्हणजे पात्याच्या बाजू, किंचित फुगीर असतील तर फारच छान. असं पातं लाकडात रुतून बसत नाही, ढलपी बाजूला ढकलतं आणि धारेला पाठबळही देतं. उलट गाल आतून खोलगट घासलेलं पातं मांस सोलायला ठीक. त्याने ओंडक्यावर घाव घालायचे नाहीत.

वजनाचंही असंच. घावाची ऊर्जा वस्तुमानाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते: वजन दुप्पट केलंत तर ऊर्जा दुप्पट, वेग दुप्पट केलात तर चौपट. त्यामुळे हात जो सुरा झपकन फिरवू शकतो तोच जास्त तोडतो. ४५० ते ६५० ग्रॅम वजन आणि २३ ते २८ सेंटिमीटरचं पातं, या टप्प्यात बहुतेकांचं जमतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते वजन कुठे आहे. सुरा आडवा धरून एका बोटावर तोला. तोल मुठीच्या पुढे चार-पाच सेंटिमीटरवर साधला तर पातं स्वतःहून खाली पडायला बघतं आणि काम हलकं होतं. तोल थेट मुठीवर येत असेल तर तो सुरा हातात मस्त वाटेल, दुकानात तर फारच, पण लाकडावर सगळं बळ तुम्हालाच लावावं लागेल.

आता डी-२. पोलाद चांगलंच आहे, फक्त काम वेगळं. त्यात साधारण १.५ टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं. त्यातून कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि क्रोमियमच्या संयुगाचे, कठीण, मोठे कण तयार होतात. कापताना ते धार पुष्कळ काळ टिकवतात, पण दणक्याला हेच कण कच खातात आणि धारेला दाते पडतात. एवढं क्रोमियम असूनही ते पूर्ण गंजरोधक नसतं, कारण बराचसा वाटा त्या कणांतच अडकलेला असतो. घाव सोसायला साधी कार्बन पोलादं बरी. १०७५ किंवा १०९५ या नावांतले शेवटचे दोन आकडे म्हणजे कार्बनचं प्रमाण: ०.७५ आणि ०.९५ टक्के. यातलं १०७५ जास्त चिवट, १०९५ जास्त कडक. माझी पसंती ५१६० ला, म्हणजे ०.६० टक्के कार्बन आणि थोडं क्रोमियम. गाड्यांच्या कमानपाट्या याच जातीच्या पोलादाच्या असतात. वाकून परत सरळ होणं हा त्याचा धर्म. पैसे सैल सोडायची तयारी असेल तर सीपीएम ३व्ही नावाचं पोलाद चिवटपणा आणि धार दोन्ही देतं, पण उघड्या माळावर त्याला दगडाने धार लावत बसणं कंटाळवाणं.

पोलादाच्या नावापेक्षा त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून किती कडक केलंय, यावर जास्त ठरतं. रॉकवेल कठीणता (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप) ५४ ते ५८ दरम्यान सांगितली असेल तर ठीक. ६० च्या वरचा आकडा छोट्या चाकूला शोभतो. अशा लांब पात्याची धार तेवढी कडक असली की गाठीवर टवका उडण्याची भीती राहते.

कुकरीबद्दल विचारलंत ते बरं झालं, कारण या सगळ्या गोष्टी तिच्यात आधीपासून आहेत. पातं पुढे झुकलेलं, पोट रुंद, वजन पुढे. नेपाळी लोहार पारंपरिक पद्धतीत तापलेल्या पात्याच्या फक्त धारेवर किटलीने पाण्याची धार सोडतात, त्यामुळे धार कडक होते आणि पाठ मऊ, चिवट राहते. खरी कामाची कुकरी घ्या, शोभेची नको. काहींच्या पाठीची जाडी ८-१० मिलिमीटर असते, तरी त्या चालतात, कारण उतार लांब असतो आणि जाडी टोकाकडे कमी होत जाते. पारंपरिक मुठीत पोलादाची निमुळती दांडी राळेत बसवलेली असते. ती सैल झाली की सुरा वापरायचा नाही. मला विचाराल तर पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली, दोन्ही बाजूंनी फळ्या रिव्हेटने जोडलेली घ्या. अडचण एकच: वाकड्या पात्याने बारीक तासकाम अवघड जातं.

मशेटी तुमच्यासाठी नाही. तिचं पातं २-३ मिलिमीटरचं, लांब, लवचीक. ओलं गवत, वेली, कोवळ्या फांद्या यांच्यावर ती अप्रतिम चालते, वाळक्या कठीण लाकडावर मात्र थरथरत उसळते. दोन्हींच्या मधली वस्तू हवी असेल तर मलेशियातला पारंग नावाचा कोयता पाहा. फुगीर गाल, पुढे वजन, आणि लाकूड असलेल्या जंगलासाठीच घडलेला.

मुठीवर लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. ती अंडाकृती हवी, म्हणजे न बघता कळतं की धार कुठे आहे. शेवटी खाली वळलेला उंचवटा हवा, कारण घावाच्या भरात हात मागे सरकतो. बोटांसाठी कोरलेल्या खाचा टाळा. त्या कोणाच्या तरी बोटांच्या मापाच्या असतात, तुमच्या क्वचितच. दोरीचा फास मनगटात घालून तोडू नका. सुरा निसटला तर तो तुमच्याकडेच झोका घेत परत येतो.

पाठीवरच्या करवतीचा मोह सोडा. जाड पात्यावरचे ते दाते लाकूड कापत नाहीत, खरवडतात. शिवाय लाकूड फोडताना पाठीवर दांडक्याने ठोकायचं असतं, ते दांडकं हे दाते कुरतडून टाकतात. खरी घडीची करवत २००-२५० ग्रॅमची मिळते आणि मनगटाएवढी फांदी आडवी कापायला कुठल्याही सुऱ्यापेक्षा सोपी, कमी धोक्याची. खरं तर करवत आणि १२-१३ सेंटिमीटर पात्याचा चांगला चाकू एवढ्यावर पुष्कळांचं भागतं. मांडीएवढे ओंडके रोज तोडायचे असतील तर छोटी कुऱ्हाड घ्या. तेवढ्याच वजनात ती सुऱ्याला सहज मागे टाकते, कारण सगळं वजन टोकाला आणि दांडा लांब. फोडणं, छाटणं, तासणं आणि थोडं तोडणं हे सगळं एकाच वस्तूने करायचं असेल तेव्हाच मोठ्या सुऱ्याला अर्थ आहे. तुमच्या वर्णनावरून तसं वाटतं, म्हणून एवढं लिहिलं.

तेव्हा तुमच्यासाठी २५ सेंटिमीटरच्या आसपास पातं, पाठ ४.५ ते ५ मिलिमीटर, सलग उतार, ५१६० किंवा १०७५, पोलाद मुठीच्या टोकापर्यंत, आणि सोबत घडीची करवत. फोडायच्या लाकडाच्या जाडीपेक्षा पातं आठ-दहा सेंटिमीटर लांब उरायला हवं, म्हणजे बाहेर आलेल्या टोकावर दांडक्याने ठोकता येतं. ठोकायला लाकूडच वापरा, दगड किंवा हातोडी नाही.

तोडताना उभं राहू नका, गुडघ्यावर बसा. आखूड हत्यार हुकलं तर उभ्या माणसाच्या नडगीत जातं, बसलेल्याच्या समोर जमिनीत. घाव सरळ न घालता आलटून पालटून तिरके घाला. खाचेचं तोंड लाकडाच्या जाडीइतकं रुंद ठेवा, नाहीतर पातं अडकत राहील.

निघण्याआधी दोन गोष्टी बघून ठेवा. पात्याच्या लांबीवर अनेक ठिकाणी कायद्याची मर्यादा असते, आणि विमानात असा सुरा केबिनमध्ये नेता येत नाही, चेक-इन सामानात गुंडाळून द्यावा लागतो. घरी आल्यावर कार्बन पोलाद पुसून त्यावर तेलाचा पातळ हात फिरवा आणि चामड्याच्या म्यानाबाहेर ठेवा. चामडं ओल धरून बसतं आणि पात्यावर गंजाचे डाग उमटतात. कायडेक्सचं (एक कडक प्लास्टिक) म्यान असेल तर ही भीती कमी, पण त्यात शिरलेली रेती पात्यावर ओरखडे काढते, ती अधूनमधून धुऊन टाका.