लिव्हर एस्प्रेसो मशीन: वाचकांचे प्रश्न

या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न ला पाव्होनीच्या युरोपिक्कोला या मशीनबद्दल आहेत. कंपनी मिलानची, १९०५ सालची. हे मॉडेल १९६१ पासूनचं. ०.८ लिटरचा बॉयलर, त्याला जोडलेला ग्रुप (कॉफी जिथून उतरते तो भाग), त्यात एक पिस्टन आणि दाब द्यायला दांड्यावर तुमचा हात. बिघडण्यासारखं त्यात फार काही नाही, पण लोक हौसेनं उघडून ते बिघडवतात.

दांडा खाली असतानाही ग्रुपमधून पाणी ठिबकतं. पिस्टन बदलावा लागेल का? (पुणे)

पिस्टन नको, त्यावरच्या दोन रबरी सील बदला. रोजच्या वापरात एक-दोन वर्षांत त्या कडक होतात. मागवण्याआधी बास्केटचा, म्हणजे कॉफीची पूड भरायच्या चाळणीचा, व्यास मोजा. जुन्या मशीनला ४९ मिलिमीटरची बास्केट बसते, २००० च्या आसपास ग्रुप बदलला तेव्हापासून ५१ची. एकाच्या सील दुसऱ्याला चालत नाहीत. जुन्या सील काढताना स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, धातूवर ओरखडा पडला की नवी सीलही गळणार. लाकडी काडी पुरते. नव्या सील एकमेकींकडे पाठ करून बसतात: खालचीची उघडी कड कॉफीकडे, वरचीची वर. मग खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटानं पातळ लावा. व्हॅसलीन किंवा शिवणयंत्राचं तेल नको, काही रबरं त्यानं फुगतात. हात लागलाच आहे तर दांड्याच्या पिनांनाही थोडं ग्रीस द्या. त्या कोरड्या राहिल्या की भोकं झिजून दांडा लडबडतो.

आमच्याकडे बोअरचं पाणी. व्हिनेगरनं साफ करू का? (छत्रपती संभाजीनगर)

व्हिनेगरचा वास आठवडाभर कॉफीत येईल. वाण्याकडचं लिंबूसत्त्व घ्या. पण आधी मशीन थंड असताना झाकण काढून टॉर्चनं आत बघा, पाणी तापवणारी कॉइल दिसते. ती स्वच्छ असेल तर काहीच करू नका. पांढरा थर असेल तर बॉयलरभर पाण्यात साधारण १५ ग्रॅम विरघळवा, गरम करा, बंद करून वीसेक मिनिटं ठेवा, थोडं ग्रुपमधून आणि वाफेच्या नळीतून सोडा. थंड झाल्यावर मशीन उलटं करून ओता आणि तीनदा साध्या पाण्यानं धुवा.

पुढे पाणीच बदला. आरओचं आणि साधं गाळलेलं पाणी मिसळा. नुसतं आरओचं चवीला मिळमिळीत लागतं. मुंबईकरांना तलावांचं मऊ पाणी मिळतं, त्यांना हा खटाटोप क्वचितच पडतो.

पावडर घालून बॅकफ्लश किती दिवसांनी करायचा? (ठाणे)

कधीच नाही. बॅकफ्लश म्हणजे ग्रुपचं तोंड बंद करून पाणी उलटं फिरवून आतून धुणं. तो पंपाच्या, तीन वाटांचा व्हॉल्व्ह असलेल्या मशीनसाठी. इथे तो व्हॉल्व्हच नाही. पावडरीनं फक्त पिस्टनचं ग्रीस धुऊन जाईल. ग्रुपच्या तळाची जाळी काढून ब्रशनं घासा, झालं. आणि क्रोमवर तारेची घासणी किंवा पितळ घासायची पावडर चालवू नका. हे मला पुन्हा पुन्हा लिहावं लागतं.

पहिला कप छान, तिसरा कडू. वॉशर गेला का? (डब्लिन)

वॉशर ठीक आहे, ग्रुप तापलाय. तो बॉयलरलाच जोडलेला असल्यानं उष्णता चढतच राहते. दोन कपांनंतर मशीन बंद करा किंवा ग्रुपभोवती ओला फडका गुंडाळा. पाहुणे सहा असतील तर सरळ चहा करा.

मधेच पाणी संपलं तर झाकण उघडून भरता येईल? (नाशिक)

गरम असताना अजिबात नाही. आत शंभर अंशांच्या वरची वाफ दाबाखाली असते. स्विच बंद, मग वाफेचा नॉब हळूहळू उघडा, फुसफुस पूर्ण थांबली की झाकण. पोर्टाफिल्टरचंही (बास्केट बसते त्या मुठीचंही) तेच: दांड्याखाली दाब असताना तो फिरवलात तर गरम चोथा अंगावर येतो. काचेच्या नळीतली पातळी खालच्या टोकाशी जायच्या आतच मशीन बंद करायची सवय लावा. कॉइल कोरडी तापली तर जळते, आणि ती बदलणं महागात पडतं.