टेक्सासला येताय, लेक सॉफ्टबॉल खेळते: इन-स्टेट स्कॉलरशिपचं खरं गणित

वहिनी, तुमचे दोन प्रश्न होते. दादांची कंपनी त्यांना एच-१बी व्हिसावर डॅलसला पाठवतेय, लेक नववीत आहे आणि जळगावकडून राज्य स्पर्धेत पिचिंग, म्हणजे चेंडूफेक, करते. तेव्हा येत्या जूनमध्येच यावं की दहावीची बोर्डाची परीक्षा उरकून? आणि टेक्सासचे रहिवासी झालो की ‘इथली खेळाडू’ म्हणून तिचं कॉलेज फुकट होतं, असं कुणीतरी सांगितलंय, ते खरं का?

जूनमध्येच या. आणि फुकट होत नाही. स्वस्त मात्र पुष्कळ होतं, आणि या दोन्हींमधला फरक नीट कळला नाही की घरातली माणसं भलत्याच कॉलेजवर सही करून बसतात. माझी लेक यातून गेलीय, आता डिव्हिजन टूच्या (इथल्या कॉलेज-खेळांच्या तीन पातळ्यांतल्या मधल्या) एका सरकारी कॉलेजात कॅचर, म्हणजे पिचरचा चेंडू झेलणारी, आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी फीचं. इथल्या सरकारी विद्यापीठांची फी राज्यातल्या मुलांना वेगळी, बाहेरच्यांना वेगळी. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात राज्यातल्या मुलाची वर्षाची शिकवणी फी १२-१३ हजार डॉलरच्या आसपास असते, तर बाहेरच्याची ४० हजारांच्या वर. यात राहणं-जेवण धरलेलं नाही. कॉलेज सुरू होण्याआधी सलग १२ महिने आई-वडिलांचा टेक्सासमध्ये कायमचा म्हणावा असा मुक्काम आणि नोकरी असली, की मुलीला इन-स्टेट धरतात. एच-१बी आणि एच-४ (एच-१बीवाल्याच्या बायको-मुलांचा व्हिसा) वाल्यांनाही टेक्सासमध्ये हे मिळतं. तेव्हा यंदा या नाहीतर पुढच्या वर्षी, १२ महिने भरतीलच. फक्त दादांना कंपनीत आत्ताच विचारायला सांगा की प्रोजेक्ट डॅलसलाच राहणार ना. ती बारावीत असताना बदली न्यू जर्सीला झाली तर हे सगळं गणित कोलमडतं, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत असं सर्रास होतं.

आता कोच कसा विचार करतो ते बघा. डिव्हिजन टूमध्ये एका सॉफ्टबॉल संघाला जास्तीत जास्त ७.२ पूर्ण स्कॉलरशिप देता येतात. संघात मुली असतात वीसच्या आसपास. म्हणजे पूर्ण स्कॉलरशिप जवळजवळ कुणालाच नाही, सगळा तुकड्या-तुकड्यांचा खेळ. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तकं. बाहेरच्या राज्यातली चांगली पिचर आणायची तर तिला मोठा तुकडा द्यावाच लागतो, नाहीतर ती त्या फीत येणारच नाही. इन-स्टेट मुलीची फी मुळातच कमी, घर जवळ, आई-बापाला प्रत्येक मॅच बघता येते. ती थोडक्यातही येईल, हे कोचला पक्कं ठाऊक असतं. म्हणून इन-स्टेट मुलीला बरेचदा लहान तुकडा येतो, आणि काही जणींना तर ‘वॉक-ऑन’ म्हणून ये, म्हणजे संघात जागा आहे पण पैसे नाहीत, असं सांगतात. त्यात अपमान वाटून घेऊ नका. कोचकडे पैसे मोजके असतात आणि ते तो जिथे अडतं तिथे खर्च करतो.

म्हणून टक्का बघायचाच नाही. वर्षाअखेर आपल्या खिशातून किती गेले ते बघायचं. आमच्याकडे दोन कॉलेजांची पत्रं आली होती. शेजारच्या राज्यातल्या कॉलेजचं पत्र बघूनच घरात आनंदीआनंद झाला, अर्धी स्कॉलरशिप! टेक्सासच्या कॉलेजनं खेळावर जेमतेम पाव दिली होती. नवऱ्यानं दोन्ही पत्रं जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली आणि एकेक ओळ वहीत उतरवली. तिकडचा फी, खोली, मेस धरून वर्षाचा खर्च ४६ हजार, अर्धे गेले तरी २३ हजार आपल्या बोकांडी. इकडचा एकूण खर्च २७ हजार, त्यातून पाव खेळाची स्कॉलरशिप, वर मार्कांवर मिळालेले ५ हजार. राहिले १५ हजारांच्या आसपास. कागदावर लहान दिसणारं पत्र वर्षाला सात-आठ हजारांनी स्वस्त होतं, चार वर्षांचे ३० हजार. शिवाय येण्याजाण्याची विमानाची तिकिटं वाचली ती वेगळीच.

त्या मार्कांवरच्या ५ हजारांकडे लक्ष द्या. अभ्यासावर मिळालेले पैसे खेळाच्या पैशांवर चढवता येतात, आणि कोचला अशी मुलगी फार हवीशी असते, कारण तिचा खर्च त्याच्या तिजोरीतून जात नाही. आपल्या मुली इथेच बाजी मारतात. पहिल्या फोनवरच कोच मार्क विचारतो, ते सौजन्य म्हणून नव्हे. तेव्हा पिचिंगच्या क्लाससाठी गणिताला दांडी, असला सौदा करू नका.

टीव्हीवर दिसतं ते डिव्हिजन वन, सगळ्यात वरची पातळी. २०२५ मध्ये ऑस्टिनच्या मुलींनी ओक्लाहोमा सिटीत पहिल्यांदा कॉलेजचं विजेतेपद जिंकलं, तेही टेक्सास टेकला हरवून, म्हणजे अंतिम सामन्यात दोन्ही संघ टेक्सासचेच. त्यामुळे इकडे सॉफ्टबॉलचं वारं जोरात आहे. खेळाडूंना पैसे देण्यावरून कोर्टात त्याच वर्षी झालेल्या तडजोडीनंतर नियमही बदलले. पूर्वी डिव्हिजन वनच्या संघाला १२ स्कॉलरशिपची मर्यादा होती. नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांना ती राहिली नाही, त्याऐवजी संघात जास्तीत जास्त २५ मुली, आणि हव्या तर पंचविसांनाही पूर्ण देता येते. देता येते, द्यायलाच हवी असं नाही. पैसा फुटबॉल-बास्केटबॉलकडे आधी जातो. जे सामील झाले नाहीत, त्यांचा हिशोब जुन्या मर्यादेवरच. आणि २५ चा आकडा आल्यामुळे वॉक-ऑनच्या जागा आटल्या. त्यातच ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, कोचला कॉलेजात दोन वर्षं खेळून तयार झालेली २० वर्षांची पिचर मिळते, मग शाळेतल्या मुलीवर तो कशाला पैज लावेल? त्या पातळीच्या पिचर ताशी ६० मैलांच्या वर टाकतात, म्हणजे ९६ किलोमीटरच्या पुढे. लेकीचा वेग स्पीडगनवर एकदा मोजून घ्या आणि जो येईल तो आकडा खरा सांगा.

डिव्हिजन थ्रीत खेळावर पैसे देतच नाहीत, पण सॅन अँटोनियोच्या ट्रिनिटीसारखी उत्तम कॉलेजं त्यात आहेत आणि ती मार्कांवर किंवा गरज बघून मदत करतात. खासगी कॉलेजात इन-स्टेटला काही अर्थ नाही, फी सगळ्यांना सारखीच. आणि ज्युनियर कॉलेजला (आपल्या अकरावी-बारावीचं नव्हे, इथलं बारावीनंतरचं दोन वर्षांचं) आपले लोक नाकं मुरडतात, ते मला मुळीच पटत नाही. तिथल्या वेगळ्या डिव्हिजन वनच्या संघाला २४ स्कॉलरशिप देता येतात, फी कमी असते, पहिल्याच वर्षी मैदानावर उतरायला मिळतं, आणि दोन वर्षांनी चार वर्षांच्या कॉलेजात जाता येतं. वेको, टायलर या गावांतले संघ जाऊन बघा, खेळ अव्वल असतो.

जूनचा आग्रह का धरते ते आता सांगते. डिव्हिजन वनच्या कोचला अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी मुलीशी बोलायला, तिच्या मेलला खरं उत्तर द्यायला मनाई आहे. त्याआधी मेल केला तर फार तर कॅम्पचं पत्रक येतं. पण तो मेल वाचत असतो, व्हिडिओ बघत असतो, दहावीनंतरच्या उन्हाळ्यातल्या स्पर्धांना येऊन बसत असतो. १ सप्टेंबर उजाडेपर्यंत त्याची यादी तयार असते. दहावी उरकून आलात तर लेक ऑगस्टमध्ये थेट अकरावीत बसेल, आणि यादी झाली तेव्हा ती इकडे कुणी पाहिलेलीच नसेल. नववीनंतर आलात तर मधे एक पूर्ण वर्ष आणि एक उन्हाळा हातात राहतो.

तो उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. आठ-आठ मैदानांचं संकुल, पारा चाळिशीला टेकलेला, आणि कॅचरच्या मागच्या जाळीपाशी घडीच्या खुर्च्या टाकून वेगवेगळ्या कॉलेजांच्या टोप्या घातलेले कोच. मांडीवर वही, हातात स्पीडगन. दोन इनिंग बघतात आणि उठून शेजारच्या मैदानावर जातात. मी त्यांच्या मागे उभी राहून बघायची. पिचरला होमरन बसला की ते चेंडूकडे बघतच नाहीत, पुढचा चेंडू ती कसा टाकते, कॅचरकडे बघते की वडिलांकडे, ते बघतात. एकदा एक कोच लेकीचं नाव लिहिता लिहिता थांबला, कारण चुकीच्या निर्णयावर तिनं अंपायरकडे मान वळवून पाहिलं. नंतर तिला त्यानं कॅम्पमध्ये हे स्वतःच सांगितलं, आणि तेवढी एक गोष्ट सुधारल्यावर तिथूनच पहिला फोन आला.

हे सगळं शाळेच्या संघातून होत नाही, त्यासाठी ट्रॅव्हल टीम, म्हणजे गावोगावी स्पर्धा खेळणारा खासगी क्लबचा संघ, लागते. ट्रायआउट (निवड चाचण्या) बहुतेक ऑगस्टमध्ये होतात, म्हणून उशिरात उशिरा जुलैअखेर इथे पाय टेकलेला बरा. वर्षाला काही हजार डॉलर जातात, एक चांगली बॅट तीन-चारशेला. मोठ्या नावाच्या टीममध्ये बाकावर बसण्यापेक्षा मध्यम टीममध्ये दर शनिवारी पिचिंग करणारी मुलगी लवकर दिसते, हे माझं ठाम मत.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. इथली शाळा कदाचित म्हणेल, वय लहान आहे, इंग्रजीला वेळ लागेल, पुन्हा नववीत बसवा. आमच्या ओळखीच्या एका घरी हेच सुचवलं आणि त्यांना ते सोयीचं वाटलं. पण एनसीएएच्या (कॉलेज-खेळांचे नियम ठरवणारी संस्था) डिव्हिजन वनचं घड्याळ पहिल्यांदा नववी सुरू झाली तिथूनच चालू होतं, मग ती जळगावात का असेना. तिथून चार वर्षांत १६ मुख्य विषय पूर्ण व्हायला हवेत, त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी. एक वर्ष मागे बसवलं की शेवटचं वर्ष हिशोबाबाहेर पडतं. त्या घरच्या मुलीला नंतर याचा फार मनस्ताप झाला. तेव्हा शाळेच्या काउन्सेलरसमोर नववीची मूळ गुणपत्रिका आणि शाळेच्या सही-शिक्क्याचं इंग्रजी पत्र ठेवा आणि दहावीतच बसवा म्हणून अडून बसा.

व्हिसाचं थोडं. एच-४ वर खेळाची स्कॉलरशिप घेता येते. पण केंद्र सरकारची शैक्षणिक मदत एच-४ वाल्यांना मिळत नाही. जॉर्जियाची होप ही राज्याची स्कॉलरशिप, जिच्या जोरावर तिथल्या इन-स्टेट मुली जवळपास फुकट शिकतात आणि कोच त्यांना खुशाल थोडक्यात उरकतो, तीही एच-४ ला नाही. तुम्हाला कुणी ‘फुकट’ म्हणाल्या असतील त्या बहुधा तिकडच्या, ग्रीन कार्डवाल्या असाव्यात. एच-४ वर मुलांना कमाई करता येत नाही, त्यामुळे खेळाडूंना जाहिरातीचे किंवा कॉलेजच्या उत्पन्नातले पैसे मिळतात ते तिनं वकिलाला विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत, हजार डॉलर असले तरी. आणि २१ व्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे कॉलेजच्या ऐन तिसऱ्या-चौथ्या वर्षात. तेव्हा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागेल. त्यानंतर फी इन-स्टेटच राहील का, हे प्रत्येक कॉलेजकडून सही करण्याआधी लेखी घ्या.

सहीबद्दल आणखी एक. कोच फोनवर ‘तू आमची’ म्हणाला, घरी पेढे वाटले, तरी ते दोन्ही बाजूंना बांधील नसतं. बारावीच्या नोव्हेंबरात स्कॉलरशिपच्या करारावर सही होते, तोच कागद खरा. तो एका वर्षाचा आहे की चार, हे वाचा. बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो.

निघण्यापूर्वी एक काम तिकडेच करा. राज्य स्पर्धेच्या प्रमाणपत्राला आपल्याकडे मोल आहे, वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. इथल्या कोचला त्यातलं काहीच कळत नाही. त्याला व्हिडिओ हवा. सकाळच्या उन्हात, मोबाइल स्टँडवर ठेवून, एकदा कॅचरच्या मागून आणि एकदा बाजूनं, ४३ फुटांवरून तिचे सगळे प्रकारचे चेंडू घ्या. मागे गाणं नको, हळू केलेली दृश्यं नकोत, चुकलेले चेंडू कापू नका. तीन मिनिटं पुरे. सुरुवातीला नाव, उंची, कुठल्या साली बारावी होणार ते. मला पाठवा, लेकीच्या ट्रॅव्हल टीमच्या जुन्या कोचना दाखवते, आणि ऑगस्टमध्ये कुठल्या ट्रायआउटला न्यायचं ते ठरवू.