सुचलेले लगेच घालावे का?

प्रश्न : निवृत्तीनंतर मी कुटुंबाच्या आठवणी लिहीत आहे. लिहिताना मध्येच दुसरे काही सुचले की ते मी तिथेच दोन अपसारणचिन्हांमध्ये घालतो. मुलीच्या मते त्यामुळे वाचताना अडखळायला होते. तिने माझे सारे अर्धविरामही खोडले आहेत. सुचलेले लगेच घालावे की मागाहून? आणि अर्धविराम ठेवावेत का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या उताऱ्यात एक वाक्य आहे : 'धाकटे काका – ते तेव्हा मिरजेला राहत आणि त्या घराला मागेपुढे अंगण होते – त्या रात्री उशिरा आले.' मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येत असल्यामुळे 'धाकटे काका' एवढे वाचताच काकांनी काय केले याची वाचकाला उत्सुकता लागते, आणि आपण त्याला आधी अंगणातून फिरवून आणता. मिरजेहून यायचे म्हणून काकांना उशीर झाला असेल, तर मिरजेचा उल्लेख आत राहू द्यावा. अंगणाला मात्र स्वतंत्र वाक्य द्यावे. ज्या माहितीवाचून क्रियापदाचा अर्थ अपुरा राहील, तेवढीच मध्ये घालावी.

सुचलेल्या सगळ्याच गोष्टी सारख्या नसतात. नाव, साल किंवा नाते यांविषयी शंका आली, तर हातातले वाक्य पुरे करून ती लगेच समासात टिपून ठेवावी, कारण अशी शंका पुन्हा आठवेलच असे नाही. शब्द बदलावा, चिन्ह बदलावे असे वाटले, तर प्रकरण पुरे होऊन ते एकदा मोठ्याने वाचेपर्यंत हात आवरावा.

अर्धविरामांबाबत मी आपल्या कन्येशी पूर्णपणे सहमत नाही. 'वडिलांची बदली झाली; आम्ही मात्र सांगलीतच राहिलो' या वाक्यात 'मात्र' आणि 'च' यांनीच विरोध दाखवला असल्यामुळे तिथे पूर्णविराम दिला तरी काही बिघडत नाही. पण 'वडिलांची बदली झाली; आम्ही सांगलीत राहिलो' असे लिहिले, तर दोन घटनांना जोडणारे ते एकच चिन्ह आहे, आणि ते खोडले की दोन सुट्या बातम्या उरतात. मोडीतले जुने कागद पाहिले, तर शब्दही सुटे न करता लिहिलेल्या त्या ओळींचा अर्थ अव्यये, प्रत्यय आणि क्रियापदे यांच्याच आधाराने लावावा लागतो. आजची विरामचिन्हे मराठीत रुजली ती एकोणिसाव्या शतकात, छपाईबरोबर, आणि त्यात इंग्रज कोशकार थॉमस कँडी यांचा वाटा मोठा होता. तेव्हा बापलेकीच्या या वादाचा थोडा दोष त्यांच्याकडेही जातो.

आणखी एक दुरुस्ती मी आपण न विचारता सुचवतो. 'काका कधी परत गेले ते आठवत नाही?' असे आपण दोन ठिकाणी लिहिले आहे. 'कधी' हा शब्द आला तरी ते वाक्य विधानच आहे, म्हणून तिथे पूर्णविराम द्यावा.