फॅकल्टी इंडक्शन कधी करावा, आणि शिकवायला कुठे शिकावं?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. सेट (प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) झालं, अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्राला लागून आठ महिने झाले, आता फॅकल्टी इंडक्शन प्रोग्राम (नव्या प्राध्यापकांचं प्रशिक्षण) कधी करावा आणि ऑनलाइन करावा की प्रत्यक्ष जाऊन, हा पहिला. दुसरा शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलाय: मुलं गप्प बसून ऐकतात, पण आपल्याला शिकवता येतंय की नाही तेच कळत नाही. मी 2002 पासून एका तालुक्याच्या गावी पदार्थविज्ञान शिकवते. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी उरकते.

युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांप्रमाणे (आपल्याकडे 8 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने आले ते) लेव्हल 10 वरून 11 या वरच्या वेतनस्तराला जायला पीएचडी असेल तर 4 वर्षं, एमफिल असेल तर 5 आणि नुसत्या नेट-सेटवर 6 वर्षं सेवा लागते. त्या काळात 21 दिवसांचा ओरिएंटेशन व्हायलाच हवा. फॅकल्टी इंडक्शन हा त्याचाच नवा अवतार, साधारण महिनाभराचा. केंद्रं तीच जुनी आहेत. 1987 च्या सुमारास ती अॅकॅडमिक स्टाफ कॉलेज म्हणून सुरू झाली, मग ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर झाली आणि 2023 पासून मालवीय मिशन टीचर ट्रेनिंग सेंटर. पाट्या बदलल्या, व्हरांडे तेच. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, सगळीकडे आहेत. पहिल्या दीड-दोन वर्षांतच करून टाका, आणि घरची अडचण नसेल तर प्रत्यक्ष जाऊन करा. ऑनलाइनला कॅमेरा बंद करून माणसं पोळ्या लाटतात. मीही लाटल्यात. कर्तव्य रजेचं पत्र, कार्यमुक्तीचं पत्र आणि मूळ प्रमाणपत्र एका फाइलीत ठेवा. स्थाननिश्चितीच्या (म्हणजे या बढतीच्या) वेळी सहसंचालक कार्यालयात तारखांचा एक दिवस इकडेतिकडे झाला तरी सहा महिन्यांची वणवण होते.

(तासिका तत्त्वावर असलेले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: तुम्हाला ना कॅस (वर सांगितलेली बढती), ना कर्तव्य रजा. तरी पुढे जे लिहिते आहे त्याला ना संस्थेची परवानगी लागते, ना पैसा. राज्यातल्या कित्येक कॉलेजांत निम्मे वर्ग तुम्हीच सांभाळता आणि प्रशिक्षणाच्या यादीत तुमचं नाव नसतं, हे मला कधीच पटलेलं नाही.)

आता दुसरा प्रश्न. आपल्याकडे पाचवीच्या मुलांना शिकवायला डीएड-बीएड लागतं, पण बीएस्सीला शिकवायला अध्यापनाचा एक तासही शिकलेला नसला तरी चालतो. त्यामुळे आपण आपल्या सरांची नक्कल करतो. मीही तेच केलं. फळा डावीकडून उजवीकडे भरायचा, डेरिव्हेशन पुरं करायचं, मागे वळून "समजलं ना?" विचारायचं. मुलं "हो" म्हणायची. मला वाटायचं, छान चाललंय.

2004 साली ओरिएंटेशनला गेले, तेव्हा तो 28 दिवसांचा असायचा. बहुतेक व्याख्यानं विसरून गेले. लक्षात राहिली ती एकच दुपार. प्रत्येकाने बाकीच्यांसमोर दहा मिनिटं शिकवायचं होतं. माझं झाल्यावर मराठीचे एक वयस्कर प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार सुंदर शिकवलंत. फळ्याला." राग आला होता. रात्री हॉस्टेलच्या खोलीत पडल्या पडल्या आठवत बसले, तर दहा मिनिटांत एकाही माणसाच्या तोंडाकडे पाहिल्याचं आठवेना. म्हणून म्हणते, तुमच्या केंद्राच्या वेळापत्रकात असं पाठ घेऊन दाखवण्याचं सत्र असेल तर ते चुकवू नका. बाकी सत्रांत चहा चांगला असतो.

पण त्यानेही मी सुधारले नाही, नुसती वर्गाकडे तोंड करून तेच बोलू लागले. फरक पडला तो पुढे काही वर्षांनी, एरिक मेझरबद्दल वाचलं तेव्हा. हा हार्वर्डचा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. विद्यार्थ्यांचे शेरे उत्तम, गणितं मुलं धडाधड सोडवायची. मग त्याने अॅरिझोनाच्या डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांचं काम वाचलं. साध्या शब्दांतले, आकडेमोड नसलेले प्रश्न विचारले तर यांत्रिकीचा कोर्स पास झालेली मुलंही चुकतात, असं त्यात होतं. आपली मुलं तशी नाहीत अशा खात्रीने त्याने ते प्रश्न वर्गाला दिले. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मला वाटतं तसं?

हे वाचून मी दुसऱ्याच दिवशी एफवायला (पहिल्या वर्षाच्या वर्गाला) विचारलं: भरधाव टेम्पो रस्त्यात उभ्या मोटरसायकलला धडकला, जास्त बल कोणी कोणावर लावलं? टेम्पोने, मोटरसायकलने, दोघांनी सारखंच, की मोटरसायकलने लावलंच नाही? आदल्याच आठवड्यात न्यूटनचा तिसरा नियम झाला होता. व्याख्या वर्गात सगळ्यांना पाठ. 62 पैकी 9 जणांनी "सारखंच" सांगितलं. त्यातले दोघे तिघे मागच्या वर्षीचे रिपीटर.

मी पटकन उत्तर सांगणार होते, पण मेझरची युक्ती आठवली. उत्तर न सांगता म्हटलं, शेजारी ज्याचं उत्तर वेगळं आहे त्याला दोन मिनिटं पटवून द्या. वर्गात जो कलकलाट झाला त्याने शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. मागच्या बाकावरचा, वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा शेजाऱ्याला सांगत होता, "अरे बल सारखंच रे, पण गाडी हलकी म्हणून ती उडते, टेम्पोला काय होतंय!" मी पंधरा मिनिटं बल, वस्तुमान आणि त्वरण यांची जी मांडणी केली असती ती त्याने एका वाक्यात केली. पुन्हा मतं घेतली तर 9 चे 34 झाले होते. मेझरचं म्हणणं असं की नुकतंच समजलेल्या मुलाला आपण कुठे अडलो होतो ते आठवत असतं, शिक्षक ते केव्हाच विसरलेला असतो. मला ते तंतोतंत पटलं.

करायला अगदी साधं आहे. एका तासाला एकच प्रश्न, चार पर्याय. हात वर करायला लावू नका, सगळे हुशार मुलीकडे बघून हात वर करतात. बोटं छातीशी धरून दाखवायला सांगा: एक, दोन, तीन, चार. पुढून फक्त तुम्हाला दिसतात. साधारण 30 ते 70 टक्के बरोबर असतील तर आपसांत बोलू द्या. त्याहून कमी असतील तर तुम्हीच पुन्हा समजवा, जास्त असतील तर दोन शब्दांत उरकून पुढे जा. आमच्या वेळी 9 म्हणजे कमीच होते, नियमाप्रमाणे मी आधी समजवायला हवं होतं. तेव्हा एवढं कुठे ठाऊक होतं!

तुमची मुलं गप्प का, याचं एक कारण तुम्हीच असू शकता. मेरी बड रो नावाच्या संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच बोलतात, असं तिला आढळलं. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? उद्या वर्गात मनात मोजून बघा, युग लोटल्यासारखं वाटेल. मोबाइल टेबलावर ठेवून आपला दहा मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा आणि घरी एकटीने ऐका. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये "समजलं ना?" चौदा वेळा होतं. ज्या प्रश्नाला "नाही" म्हणायची सोयच नाही, तो प्रश्न नव्हेच.

दुसरं कारण भाषा, आणि याबद्दल ओरिएंटेशनमध्ये कोणी चकार शब्द काढत नाही. आमच्या वर्गात काही मुलं मराठी माध्यमातून संवेग, त्वरण, विस्थापन शिकून आलेली, काही सेमी इंग्लिशची, दोन-चार पूर्ण इंग्रजीची. अकरावीपासून सगळं इंग्रजी. मुलं इंग्रजी वाक्य चित्रासारखं पाठ करतात. म्हणून मी तासाच्या शेवटी दोन मिनिटं राखून ठेवते. अर्ध्या कागदावर नाव न घालता दोन गोष्टी लिहायच्या: आज काय कळलं, आणि कुठे अडलं. मराठीत लिहा, मिसळून लिहा, कसंही लिहा. सुरुवातीला इंग्रजीत लिहिलेल्या चिठ्ठ्या म्हणजे फळ्यावरच्या ओळी असायच्या. मराठी चालेल म्हटल्यावर पहिल्यांदा कळलं की निम्म्या वर्गाला "वर्क" म्हणजे मेहनत वाटतेय, आणि भिंत ढकलून घामाघूम झालेल्या माणसाने शून्य कार्य केलं हे त्यांना अन्यायकारक वाटतंय. चिठ्ठ्या सगळ्या वाचायला बसू नका. वीस उचला, पुरेत. दुसऱ्या दिवशी तास तिथूनच सुरू करा, म्हणजे लिहिलेलं वाचलं जातं हे मुलांना कळतं.

तिसरी गोष्ट, एक सोबती शोधा. शक्यतो दुसऱ्या विषयाचा. आमच्या मराठी विभागातल्या एक मॅडम महिन्यातून एकदा माझ्या तासाला मागे बसतात, मी त्यांच्या. बंधन एकच: शेरा द्यायचा नाही. दर पाच मिनिटांनी मुलं काय करताहेत तेवढं लिहायचं. "11.20: खिडकीकडच्या तिघी उतरवून घेताहेत. 11.25: कोणीच लिहीत नाही, मॅडम अजून बोलताहेत." हा कागद प्राचार्यांकडे जात नाही, आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) फाइलीत जात नाही, आम्ही तो चहासोबत फाडतो. मूल्यमापनाचा वास लागला की माणसं नाटक करतात. मीच करेन.

आता तुम्ही विचाराल, पोर्शनचं काय? आठवड्याला सोळा तासांचा वर्कलोड, वर नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) कामं, 2024-25 पासून नव्या शैक्षणिक धोरणाची नवी रचना आणि क्रेडिटांचे घोळ. मी काय सोडलं ते सांगते. पुस्तकात जसंच्या तसं छापलेलं लांबलचक डेरिव्हेशन फळ्यावर उतरवणं सोडलं. पहिल्या दोन पायऱ्या आणि जिथे मेख आहे ती पायरी एवढंच करते, बाकी मुलं घरी पुरं करतात. काही करत नाहीत. आधी फळ्यावरून उतरवून घेणारी तरी कुठे वाचत होती? आणि सगळे तास असे घेऊ नका, मोडून पडाल. पहिल्या वर्षी एकाच वर्गाला, आठवड्यातून दोनदा.

नाराजीचीही तयारी ठेवा. "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात, नोट्स देत नाहीत", हे माझ्या फीडबॅक फॉर्मवर आलेलं आहे. 2019 साली हार्वर्डमध्येच लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. करून शिकलेल्या गटाने चाचणीत जास्त गुण मिळवले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं म्हणून. तिथली मुलं फसतात तर आपली का नाही फसणार? म्हणून पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगून टाका की डोक्याला त्रास होणार आहे आणि तो का. 2014 मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी, गणितातले 225 अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी 33.8 टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 21.8. विभागप्रमुखांनी हटकलं तर हे दोन आकडे सांगा, मी सांगितले होते. ते म्हणाले, "अमेरिकेत असेल." पुढच्या सहामाहीत माझ्या तासाला येऊन मागे बसले, हेही सांगायला हवं.

यानंतर कोर्स करायचेच असतील तर निवडून करा. आयआयटी मुंबईच्या शैक्षणिक तंत्रज्ञानवाल्यांनी कॉलेज शिक्षकांसाठी जे ऑनलाइन अभ्यासक्रम घेतले त्यात तुम्हालाच कामाला लावतात, नुसते व्हिडिओ नाहीत. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, 1974 पासूनचं. तुमच्या विषयात मुलं कुठे चुकतात यावर तिथे वर्षानुवर्षं काम झालंय, त्यांच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा. कुठल्याही कोर्सचं वेळापत्रक हाती आलं की मी एकच बघते: यात मी किती वेळ बोलणार आहे? उत्तर शून्य असेल तर तो कॅससाठी, रजा शिल्लक बघून.

तुम्ही रसायनवाले, म्हणून सोमवारसाठी एक प्रश्न देऊन ठेवते. पातेल्यात पाणी खळखळून उकळतंय, मोठाले बुडबुडे वर येताहेत. त्या बुडबुड्यांत काय आहे? एक: हवा. दोन: हायड्रोजन आणि ऑक्सिजन. तीन: पाण्याची वाफ. चार: काहीच नाही, पोकळी. एफवायला विचारा, बोटं छातीशी. दोनला किती बोटं येतात ते मोजा आणि उत्तर सांगायची घाई करू नका. आकडा इथे येऊन लिहा.