गरोदरपणातील घोरणे आणि वाढलेला रक्तदाब

प्रश्न : माझ्या पत्नीला सातवा महिना सुरू आहे. सहाव्या महिन्यात तिचा रक्तदाब वाढला आणि गोळ्या सुरू झाल्या. अलीकडे ती मोठ्याने घोरते; मध्येच घोरणे थांबते, काही क्षण श्वासच ऐकू येत नाही आणि मग ती दचकून जागी होते. घरातील मोठी माणसे म्हणतात, या दिवसांत असे व्हायचेच. हे डॉक्टरांच्या कानावर घालावे का?

उत्तर : अवश्य घालावे, आणि तेही पुढच्या तपासणीची वाट न पाहता. गरोदरपणात नाकातील अस्तर सुजते, वजन वाढते, त्यामुळे थोडेफार घोरणे अनेकींना सुरू होते, हे खरे. पण श्वास थांबून दचकून जाग येणे हे स्लीप ॲप्नियाचे लक्षण असू शकते. यात झोपेत घशाचा मार्ग मिटतो, रक्तातील ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू शरीराला खडबडून जागे करतो. एरवी रात्री रक्तदाब उतरून हृदयाला विसावा मिळतो. इथे मात्र प्रत्येक झटक्यासरशी तो चढतो. ज्यांचा रक्तदाब आधीच वाढलेला आहे, अशा गरोदर स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो, आणि त्याच्यासोबत प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात रक्तदाब वाढून मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांवर परिणाम होणारा विकार), हृदयावरील ताण व फुप्फुसांत पाणी साठणे यांचा धोकाही वाढलेला दिसतो.

दिवसा पेंग येते का, एवढ्यावरून निदान होत नाही, कारण गरोदरपणात थकवा कोणाला नसतो? आपण रात्री मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. रुग्णाला स्वतःला यातले काहीच आठवत नसल्याने आपली साक्ष मोलाची आहे. झोपेच्या तपासणीत किमान 10 सेकंदांचे अडथळे तासाला 5 किंवा अधिक आढळले, तर विकार धरला जातो. त्यावरचे सीपॅप यंत्र मुखवट्यातून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवते व गरोदरपणात वापरता येते. मात्र त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

निदान झाल्यास भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, कारण सिझेरियननंतर वेदनेसाठी दिली जाणारी अफूवर्गीय औषधे श्वास आणखी मंद करू शकतात. रक्तदाब 160/110 वर गेला, तीव्र डोकेदुखी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, बरगड्यांखाली दुखू लागले किंवा धाप लागली, तर रात्र असली तरी त्वरित रुग्णालय गाठावे. बाळंतपणानंतर घोरणे कमी झाले तरी झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यावी. काही स्त्रियांमध्ये हा विकार मागे राहतो.